उजवीकडचं, डावीकडचं

"कांता, कुकर करपला!" मी मागच्या दारातूनच ओरडलो.

ती ओट्यापाशीच उभी होती. कुकर तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि ही निवांत कोथिंबीर निवडत होती. करपल्या डाळीचा वास मला अंगणात, पेरूच्या झाडापर्यंत आला होता.

"कसला करपतोय? आत्ता तर ठेवलाय."

"अगं, वास बघ की."

तिनं गॅस बंद केला. मान वर करून श्वास घेतला, मग आणखी एकदा घेतला. "मला तर नाही येत."

मला वाटलं चेष्टा करतेय. कारण तिचं नाक म्हणजे आमच्या गल्लीत बोलायचा विषय होता. आमच्या घरच्या खानावळीत जेवणारा एखादा माणूस बाहेर शेव-चिवडा खाऊन आला तर ही वाढताना म्हणायची, "आज भूक कमी असेल, दोनच भाकरी घ्या." तो माणूस खाली बघायचा.

मी कुकर उघडला. डाळ तळाला कोळसा होऊन चिकटली होती. धूर तिच्या तोंडावर गेला. तिचे डोळे चुरचुरले, तिनं ते पदरानं पुसले, पण नाक मुरडलं नाही. मग तिनं हिंगाची डबी उचलली, उघडली आणि नाकाला लावली.

"अहो, यात हिंग आहे, का कुणी पीठ भरून ठेवलंय?"

मी हुंगलं. वास थेट डोक्यात गेला. "हिंगच आहे."

तिनं लसणाची पाकळी बोटांनी चिरडली. देवघरातून कापूर आणला. उदबत्तीचा पुडा फाडला. एकेक वस्तू नाकाशी न्यायची आणि खाली ठेवायची. सगळं झाल्यावर ती फरशीवर बसली.

"गेला की हो," ती म्हणाली.

"काय गेलं?"

"वास."

तेवढ्यात जेवायला माणसं आली. पोस्टातले नाईकनवरे नेहमीप्रमाणे पुढं. दारातूनच म्हणाले, "अक्का, आज काय खमंग बेत आहे! फायरब्रिगेड बोलवायचं का?"

कांता उठली. पदर खोचला. "आज वरण नाही. पिठलं टाकते, बसा," म्हणाली. पिठल्याची फोडणी झाली तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. मी मानेनंच हो म्हटलं. तिनं बेसन सोडलं.

त्याच्या पंधरवडाभर आधी ती मागं धुण्याच्या दगडापाशी पाय घसरून पडली होती. डोक्याला मागून टेंगूळ आलं होतं. तेल-हळद लावली आणि कामाला लागली. मधल्या दिवसांत जेवणात काही बिघडलं नव्हतं, सगळं हाताच्या सवयीनं होत होतं. त्यामुळं कुणालाच कळलं नाही, तिलाही नाही. तिला वाटत होतं सर्दी झालीय.

सोलापूरच्या डॉक्टरांनी फोटो काढून बघितला. म्हणाले, "नाकातून मेंदूकडं जाणारे बारीक धागे असतात. डोक्याला मार बसला की कधी कधी तुटतात."

"परत जुळतात?" मी विचारलं.

"एखाद्याचे जुळतात. धरून चालू नका." मग तिच्याकडं बघून म्हणाले, "स्वयंपाकघरात आता एकट्या राहू नका."

"डॉक्टर, माझी खानावळ आहे."

"मग बंद करा."

परत येताना टेंभुर्णीच्या स्टँडवर मी भजी घेतली. तिनं एक खाल्लं. बराच वेळ चावत राहिली. "नुसतं गरम आणि खारट," म्हणाली, आणि पुडा माझ्या हातात दिला. करमाळ्याला घरी आल्यावर पदर खोचून भाकऱ्यांना लागली.

मुलीला, गौराला, कळवलं तसा पुण्याहून तिचा फोन आला. "आई, बंद कर आता ते सगळं. दोघं इकडं या."

"तिकडं येऊन काय करू?"

"काय करायचंय? आराम कर की."

"तुझ्या घरात पाहुणी होऊन बसू? मला दुसरं काही येत नाही गौरा." फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तुम्ही पण तिच्याच बाजूचे असाल तर आत्ताच सांगा."

मी नुकताच एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालो होतो. दिवसभर घरीच असायचो. मी म्हणालो, "मी कुणाच्याच बाजूचा नाही. पण डॉक्टर एकटी राहू नको म्हणालेत."

"मग तुम्ही काय चोवीस तास माझ्या मागं उभं राहणार? माझं स्वयंपाकघर आहे का तुरुंग?"

वाद सुरूच राहिला. ती रोज स्वयंपाक करायची आणि मी दारात उभा राहायचो. तिला ते सहन व्हायचं नाही. एकदा तिनं पातेलं आपटलं आणि म्हणाली, "मी करते तरी काय, बघताय काय असं? कणीक मळतेय. कणकेचा काय स्फोट होतोय?"

आमच्याकडं दाभाडे बाई दोन्ही वेळ जेवायला यायच्या. वयानं लहान, आमच्या गौराएवढ्याच. नगरकडच्या. मुलींच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवायच्या आणि मागच्या गल्लीत खोली घेऊन राहायच्या. जेवण झालं की पाटावरच बसून पेपर तपासायच्या, कारण त्यांच्या खोलीतला दिवा मिणमिणता होता.

एका संध्याकाळी त्या एकट्याच हसायला लागल्या.

"काय झालं बाई?" नाईकनवरेंनी विचारलं.

"ऐका. प्रश्न आहे, स्वयंपाकघरातल्या एका रासायनिक बदलाचं उदाहरण सकारण द्या. पोरीनं लिहिलंय, दूध उतू जाणे हा रासायनिक बदल आहे, कारण आई ओरडते."

सगळे हसले. कांता भाकरी थापत होती, तीही हसली. मग म्हणाली, "बरोबरच लिहिलंय की पोरीनं. मार्क द्या."

"नाही अक्का. दूध उतू गेलं तरी ते दूधच. भौतिक बदल."

"म्हणजे?"

"पदार्थ तोच राहिला, फक्त रूप बदललं, की भौतिक. तूप थिजलं, वितळलं, तरी तूपच. मीठ पाण्यात विरघळलं, पाणी आटवलं, की मीठ परत. आणि रासायनिक म्हणजे नवाच पदार्थ तयार झाला. दुधाचं दही झालं. साखर जळून काळी झाली. आता परत दूध करा म्हटलं, साखर करा म्हटलं, तर होणार नाही."

"आणि ओळखायचं कसं?"

"रंग बदलतो, बुडबुडे येतात, काही वेळा आपोआप ऊब येते. आणि वास बदलतो. स्वयंपाकात तर आधी वासच बदलतो."

कांताचा हात भाकरीवर थांबला. "आणि त्या दुसऱ्यात? भौतिकात वास बदलत नाही?"

"नाही बदलत. पदार्थ तोच असतो ना."

नाईकनवरेंच्या जिभेला हाड नव्हतं. ते म्हणाले, "मग अक्का, तुमचं नाक कशात बसवायचं?"

कुणी हसलं नाही. दाभाडे बाईंनी पेपर खाली ठेवला. हळूच म्हणाल्या, "पहिल्यासारखं झालं तर भौतिक म्हणू."

"ताक घ्या नाईकनवरे," कांता म्हणाली. "आंबट आहे का बघा. मला तेवढं कळतंय अजून."

दुसऱ्या दिवशी मी उठलो तर स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. तिनं फडताळातले सगळे डबे खाली काढले होते. मला बघून म्हणाली, "या. तुमची नेमणूक करायचीय."

ओट्याच्या उजव्या बाजूला तिनं मसाल्यांचे डबे, तेलाची किटली, शेंगदाणे, खोबरं, दुधाचं पातेलं आणि आंबवणाचं पीठ ठेवलं होतं. डाव्या बाजूला मीठ, साखर, गूळ, तांदूळ, पोळपाट, विळी, काठवट, पाण्याचा हंडा.

"वास बदलतो ते सगळं उजवीकडं," ती म्हणाली. "तिथं मी काही करायला लागले की तुम्ही यायचं आणि नाक लावायचं. वास बदलत नाही ते डावीकडं. तिथं मला तुमची गरज नाही. तिथं दारात पण उभं राहायचं नाही."

"डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टरांना वासाचीच भीती होती ना? मग वासाचं तुम्ही घ्या. बाकी माझं. मला निम्मं तरी राहू द्या हो."

मी बघितलं, तिनं मांडणी विचार करून केली होती. त्यात खोड काढायला मला जागा सापडली नाही. मी हो म्हणालो. गौरालाही तसंच सांगितलं. ती नाखुशीनं तयार झाली.

तेव्हापासून आमच्या घरात एक नवीन हाक सुरू झाली. "अहो, नाक आणा!" मी पेपर टाकून जायचो. जेवणाऱ्यांना गंमत वाटायची. नाईकनवरे विचारायचे, "अण्णा, आज फर्स्ट शिफ्ट का सेकंड?" कांता म्हणायची, "हे नाक आयुष्यभर डिझेलमध्ये भिजलेलं. सगळ्या गावात तेवढंच उरलं होतं, माझ्या वाट्याला आलं."

नाक मला होतं, पण त्याचा उपयोग मला येत नव्हता. काळं तिखट करायच्या दिवशी ती धणे भाजत होती आणि मी शेजारी.

"काय येतंय?"

"धण्यांचा वास."

"ते मला दिसतंय धणे आहेत ते. कसा येतोय? ओला, का कोरडा?"

"वासाला ओला-कोरडा काय असतं?"

"अहो, आधी पावसात भिजलेल्या पोत्यासारखा असतो. मग मोकळा होतो. मग एकदम गोडसर. गोडसर झाला की उतरवायचे, नंतर थांबायचं नाही."

मी नाक खाली नेलं. पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्या घाण्याला कळलं. "आता!" मी म्हणालो, तिनं कढई उतरवली, आणि एक धणा दाताखाली घेऊन चावला. त्याची चव तिला लागत नव्हती, कुरकुरीतपणा तेवढा कळत होता. "बरोबर," म्हणाली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण मी तिचं काम इतक्या जवळून तोवर बघितलं नव्हतं.

लोणी कढवताना मात्र दोघं लागायचो. लोणी वितळलं की त्यातलं पाणी तडतडायला लागतं. तोवर ती एकटी उभी. डोळे मिटून आवाज ऐकायची. तडतड कमी होत गेली आणि थांबली की म्हणायची, "पाणी संपलं. माझं झालं. आता बेरी भाजणार, तुमचं सुरू." मग ती दोन पावलं मागं सरायची आणि मी पुढं. तूप कधी काढायचं ते मी सांगायचो. एकाच पातेल्यात आमची हद्द अशी बदलायची. दाभाडे बाईंनी हे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "अक्का, तुम्ही माझ्या वर्गावर या. पुस्तकात इतकं नीट दिलेलं नाही."

बाईंची मांडणी जरा डळमळली ती कांद्यावरून. कांता विळीवर कांदा चिरत होती, डोळ्यांतून पाणी चाललं होतं. तिनं विचारलं, "बाई, चिरणं म्हणजे भौतिकच ना? तुकडे झाले तरी कांदा तो कांदाच."

"हो. पुस्तकात तसंच आहे."

"मग डोळ्यांत पाणी कशानं येतं? मला वास येत नाही, तरी येतंय. अख्ख्या कांद्यानं नाही येत."

खोटं बोलण्याचा बाईंचा स्वभाव नव्हता. "विचारून सांगते," म्हणाल्या. आणि पुढच्या आठवड्यात खरंच कुणाला तरी विचारून आल्या. "अक्का, चिरणं भौतिकच. पण चिरल्यावर आतले रस एकमेकांत मिसळतात आणि त्यातून नवीन पदार्थ होतो. तो डोळ्यांना लागतो. म्हणजे कांदा दोन्हींत आहे."

"दोन्हींत म्हणजे? मग तो ठेवू कुठं?"

"ते असं काटेकोर नसतंच अक्का. मुलांना शिकवायला म्हणून आपण दोन भाग करतो."

"मला काटेकोरच पाहिजे," कांता म्हणाली. "कांदा मी चिरणार. डावीकडं."

गॅसचं काय, हेही आमच्यात निघालं होतं. मीच काढलं होतं. बाई म्हणाल्या, जळणं हा रासायनिक बदल. कांता चिडली. "म्हणजे चहा टाकायलाही मी यांना बोलवू?" शेवटी असं ठरलं की ज्योत डोळ्यांना दिसते. निळी असली तर तिची ती बघेल, पिवळी झाली तर मला हाक मारेल.

मग एकदा सिलिंडर आला तेव्हा नाईकनवरे जेवायला आले होते. त्यांनी हौसेनं तो आत लोटत नेला आणि म्हणाले, "अक्का, फसवलं तुम्हाला. आत पाणी भरलंय. खळखळतंय बघा."

"पाणी नाही ते," दाभाडे बाई ताटावरून म्हणाल्या. "गॅसच आहे, दाबून पातळ केलेला. बाहेर येताना त्याची वाफ होते, एवढंच."

"म्हणजे पदार्थ तोच?" कांतानं विचारलं.

"तोच."

"म्हणजे भौतिक."

"हो, भौतिक."

"डावीकडचं," कांता म्हणाली, आणि पायानं सिलिंडर ओट्याखाली डाव्या कोपऱ्यात सरकवला. तो तिथंच असायचा पहिल्यापासून. तिचा चेहरा असा झाला होता, जणू पत्त्यांत हात जिंकलाय. सिलिंडर बदलणं तिचंच काम होतं, मी नोकरीवर असताना तीच बदलायची. तिच्याकडचं एक काम तिच्याकडं राहिलं, याचं मलाही बरं वाटलं. आम्ही चौघं होतो तिथं. चौघंही हसलो.

हे सगळं वर्षभर नीट चाललं. जेवणारे वाढले. गौरा दिवाळीला आली, दोन दिवस आईच्या मागं मागं फिरली आणि जाताना मला म्हणाली, "अण्णा, मला वाटलं नव्हतं." एकदा कांता मला म्हणाली, "आता तुम्हाला माझ्याशिवाय पण जमेल." मी म्हणालो, "मीठ कुणी घालायचं?" "ते मात्र माझं," म्हणाली.

मे महिना होता. वर्कशॉपमधला माझा जोडीदार सोलापूरला दवाखान्यात होता, त्याला बघायला जायचं होतं. शाळेला सुट्टी, बाई नगरला गेलेल्या. नाईकनवरे गावी. रविवार, त्यामुळं खानावळही बंद.

"दूध सकाळीच तापवून ठेवू का?" मी विचारलं. "मी जाणार, मग उजवीकडचं कोण बघणार?"

"तापवून ठेवा. दुपारी मी भात टाकेन, ताकाशी खाईन. उजवीकडं हात लावत नाही, जा."

मी दूध तापवलं, नाक लावून बघितलं, झाकण ठेवलं आणि निघालो.

संध्याकाळी सोलापूरच्या स्टँडवर मी परतीच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बसवंत मास्तरांचा फोन आला. "अण्णा, तिथंच थांबा. आम्ही अक्कांना घेऊन तिकडंच येतोय." काय झालं विचारलं तर म्हणाले, "भाजलंय जरा." त्यांच्या आवाजावरून मला कळलं, की जरा नाही.

दवाखान्यात तिला आणलं तेव्हा ती शुद्धीवर होती. ही गोष्ट मला माहीत नव्हती, इतकं भाजलेलं माणूस सुरुवातीला नीट बोलतं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बोलून घ्या." मी आत गेलो. चेहऱ्याचा अर्धा भाग तेवढा उघडा होता.

"अहो."

"हां, बोल."

"काय झालं हो?"

"काही नाही. तू पडून राहा."

"मी उजवीकडचं काहीच नव्हतं केलं."

मी खाटेजवळ स्टूल ओढलं.

"खरंच. दुधाचं झाकण पण नाही उघडलं. गॅस संपला होता. नवीन सिलिंडर लावला. ऊन लागत होतं म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि जरा पडले. उठून भात टाकायला गेले. काडी ओढली." तिला श्वास पुरेना. थोड्या वेळानं परत म्हणाली, "डावीकडचंच केलं सगळं. मग कसं झालं?"

मला तेव्हा उत्तर माहीत होतं. तिनं गॅस संपला म्हटलं तेव्हाच कळलं. पण मी म्हणालो, "कळेल. डॉक्टर बघतायत."

"गौराला सांगा, मी उजवीकडं हात लावला नव्हता."

"सांगतो."

गौरा रात्रीतून आली. सकाळपर्यंत कांता बोलायची थांबली होती. त्यानंतरचे दोन दिवस ती तशीच होती. मग गेली.

आमच्या रीतीप्रमाणं माती दिली. घरी आलो तर स्वयंपाकघराचं दार कोळसा झालेलं, डबे काळे. उजवीकडचे आणि डावीकडचे सगळे सारखेच. गॅसवाल्यांचा माणूस येऊन सिलिंडर बघून गेला. तोंडाशी जो रबराचा वायसर असतो, तो फाटलेला होता. तो कुठं फाटला, कुणाच्या हातून, ते कळलं नाही. तो माणूस म्हणाला, "दारं बंद, त्यात हा गॅस जड, जमिनीलगत साठून राहतो. पण इतका वेळ वास कसा आला नाही त्यांना? मूळ गॅसला वास नसतोच. गळला तर माणसाला कळावा म्हणून मुद्दाम घालतात."

मी त्याच्या कागदावर सही केली.

गॅसला वास असतो हे काय आम्हाला माहीत नव्हतं? शेंबड्या पोराला माहीत असतं. पण आम्ही वर्षभर एकच विचारत आलो होतो, की वास बदलतो का. सिलिंडरमधून बाहेर येताना गॅसचा वास बदलत नाही. आत असतो तसाच बाहेर. त्यामुळं तो आमच्या प्रश्नात सापडलाच नाही. वास आहे का, हे आम्ही कधी विचारलं नाही.

मातीच्या दुसऱ्या दिवशी दाभाडे बाई नगरहून आल्या. घर माणसांनी भरलं होतं. त्या उंबऱ्यापाशीच बसल्या. कुणीतरी चहा दिला, तो त्यांनी घेतला नाही. गर्दी जरा हलल्यावर माझ्याजवळ सरकल्या.

"अण्णा, एक विचारू?"

"विचारा."

"मी भौतिक म्हणाले, म्हणून झालं का?"

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली नाही, माझ्याकडंच बघत राहिल्या. उत्तर पाहिजे होतं त्यांना. तेवढ्यात कांताचा भाऊ आला, बायकांनी रडायला सुरुवात केली, मी उठलो. परत येऊन बघितलं तर बाई गेल्या होत्या.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्या आल्या नाहीत. बदली मागून घेतली म्हणून कळलं. नाईकनवरे अजून अधूनमधून येऊन बसतात, आता तेही रिटायर झालेत. त्यांची बाईंशी एकदा गाठ पडली होती. बाई जामखेडजवळच्या एका शाळेत आहेत. भूगोल शिकवतात. हेडमास्तरांना सांगून विज्ञान सोडून दिलं म्हणे. "का सोडलं?" म्हणून नाईकनवरेंनी विचारलं तर म्हणाल्या, "अण्णांनी मला उत्तर दिलं नाही, तेव्हाच मला कळलं."

पहिली काही वर्षं मलाही उत्तर 'हो' असंच वाटायचं. कुणावर तरी राग धरायला माणूस लागतो, आणि बाई समोर नव्हत्या, त्यामुळं सोपं होतं. मग तो राग हळूहळू गेला. कधी गेला ते सांगता येणार नाही. आता मी स्वतःपुरता स्वयंपाक करतो, त्यात त्या म्हणाल्या होत्या ते रोज हाताखालून जातं. मीठ विरघळतं, डाळ शिजते, तूप थिजतं. त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं. गॅसचंही त्या बरोबरच म्हणाल्या होत्या. तो धडा पोरींना पदार्थ ओळखायला शिकवण्यासाठी होता. आम्ही त्यावर एका बाईचं स्वयंपाकघर वाचवायला गेलो. आणि कांताला ते वाचवायचं होतं, म्हणून तिनं धरलं, मी धरू दिलं.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. करमाळ्याहून जामखेडला जाणाऱ्या गाड्या रोज असतात. मी अजून त्यांना ते सांगायला गेलेलो नाही.